जमलं तेवढंच

पाळकसाहेब दर गुरुवारी मजकूर आणून द्यायचे आणि दर शनिवारी येऊन त्यातला निम्मा काढून टाकायचे. सुरुवातीला मला वाटलं, माणूस धरसोडीचा आहे. मग वाटलं, मराठीच्या बाबतीत फार चिकित्सक असेल. खरं कारण कळायला दोन महिने लागले, आणि ते कळल्यावर मी त्यांच्या मजकुरातली एकही ओळ पुन्हा नुसती टाइप करू शकलो नाही. वाचायला लागलो.

खडकी बाजारात माझं डीटीपीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, आणि धूळ बसू नये म्हणून आईनं जुन्या चादरीचे शिवून दिलेले अभ्रे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काम असायचं, पण सगळ्यात जास्त बायोडेटा. दारूगोळा फॅक्टरीतल्या माणसांची मुलं बापाच्या मागे फॅक्टरीत जायचं सोडून संगणकाचे कोर्स करत होती आणि माझ्याकडून बायोडेटा करून नेत होती. माझे वडीलही फॅक्टरीतच होते. मी खुर्चीत बसून बोटं हलवतो याला ते काम मानायला तयार नव्हते.

अशाच एका गुरुवारी दुकानासमोर सायकल लावून एक उंच, खांद्यात जरा वाकलेले गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, पँटच्या पायाला सायकलची क्लिप, हातात गुंडाळलेला कागद. निवृत्त विज्ञानशिक्षक वाटावेत असे.

"मराठी टाइप करता?"

"बाहेर पाटीवर लिहिलंय."

"पाटीवर 'मराठि' लिहिलंय, ऱ्हस्व. म्हणून विचारलं."

ही आमची ओळख. रेव्हरंड देवदान सोनवणे, बाजारामागच्या लहान चर्चचे पाळक. मी पाटी त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतली, पण त्यांनी ते पाहिल्याचं कधी दाखवलं नाही.

त्यांना दर रविवारी चर्चमध्ये वाटायला एक पानभर मजकूर हवा असायचा. कागदाचं नाव 'रोजचं'. मजकूर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या शाईनं, ठसठशीत अक्षरात लिहिलेला. मला वाटलं होतं स्वर्ग, नरक, पापक्षालन असलं काहीतरी असेल. निघालं भलतंच. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं लागलेला असताना काय करावं. उरलेली भाजी कुणाला देताना ती कशी द्यावी. धुणंभांडी करणाऱ्या बाईला हाक कोणत्या सुरात मारावी. आपला धर्म म्हणजे तेवढाच, जेवढा दाराचा आवाज न करता ते लावताना शिल्लक राहतो, असं एकदा त्यांनी लिहिलं होतं.

त्यामागचं कारण मला कळलं ते त्या टीव्हीच्या लेखाच्या वेळी. शेजाऱ्याला आवाज कमी करायला सांगण्याआधी त्याच्या घरात सगळं ठीक आहे ना, ते विचारावं, असा एक परिच्छेद होता. शनिवारी त्यांनी तपासायला काढलेलं मुद्रित हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली.

"चांगला होता की," मी म्हणालो.

"चांगला आहे. पण काल मी शेजारी गेलो आणि नुसतं आवाजाचं सांगून आलो. विचारायचं राहिलं."

"मग?"

"मग काढा. जमलं तेवढंच छापा."

असा त्यांचा नियम होता. गुरुवारी लिहायचं, दोन दिवस ते स्वतः करून बघायचं, आणि जे जमलं नाही ते शनिवारी खोडायचं. काही आठवड्यांना पान भरायचं. काही आठवड्यांना वर नाव, खाली चार ओळी, आणि मधे कोरा कागद. मी एकदा म्हणालो, जागा मोकळी दिसते, एखादं वेलबुट्टीचं चित्र टाकू का? ते म्हणाले, "नको. लोकांना कळू दे, आठवडा कसा गेला ते."

त्यांच्या पत्नीला सगळे पाळकीणबाई म्हणायचे. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पाळकसाहेब माझ्याकडे यायला लागले त्याच्या काही महिने आधी त्या गेल्या होत्या. हे मला कळलं ते एका गुरुवारी, पाळकसाहेबांनी "कांबळे, पाच मिनिटं आहेत का?" असं विचारलं तेव्हा. त्यांना मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा होता.

"आधी ही ऐकायची. स्वयंपाक करता करता. 'हूं' म्हणाली की ठेवायचं, गप्प राहिली की बदलायचं. आता घरात वाचलं की आवाज फिरून माझ्याकडेच येतो."

मी ऐकायला लागलो. पहिल्याच परिच्छेदाला मी नकळत "हूं" म्हणालो. ते थांबले, कागद खाली घेतला आणि रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही दुसरं काहीतरी म्हणा." त्यानंतर मी "चालेल" म्हणायला लागलो.

चर्चच्या आवारात त्यांचं घर होतं, पाळकनिवास. तिथं मी दोन-तीनदा मुद्रितं द्यायला गेलो. चार खोल्या आणि एक माणूस. स्टोव्हवर भात शिजत असायचा, तो दोघांचा. दोन वर्षं झाली तरी हाताला एका माणसाचं माप बसत नाही, असं म्हणाले. उरलेला भात ते सकाळी कांदा घालून परतून खायचे, त्यामुळे दुपारी भूक नसे, त्यामुळे दुपारचा दोघांचा भात पुन्हा उरे. "हे चक्र आहे," ते म्हणाले, "यावर अजून काही लिहिता आलेलं नाही."

माझ्या वडिलांना हे येणं-जाणं पसंत नव्हतं. आम्ही बौद्ध. छप्पन्न साली माझे आजोबा खडकीहून नागपूरला गेले होते, आणि त्या प्रवासाची हकिगत आमच्या घरात दर दसऱ्याला सांगितली जाई. वडील मला म्हणाले, "जपून. हे लोक आधी चांगले वागतात."

"आणि नंतर?"

"नंतरही चांगलेच वागतात. तिथंच फसायला होतं."

पुढच्या वर्षी वडील फुप्फुसाच्या आजारानं इस्पितळात पडले. मी दुकान बंद करून तिथं बसायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी पाळकसाहेब आले. दारातूनच म्हणाले, "जय भीम." वडिलांनी हात जोडले नाहीत, पण मान हलवली. पाळकसाहेब स्टुलावर बसले आणि पिशवीतून वर्तमानपत्र काढलं.

"तुमचं पुस्तक नाही आणलंत?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तर आणीन."

"नको."

"मग हेच वाचतो. कुठून सुरुवात करू?"

"क्रिकेट."

पाळकसाहेबांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते धावफलक पाढ्यासारखा वाचायचे आणि वडील मधे मधे त्यांना थांबवून 'झेलबाद' म्हणजे काय, 'पायचीत' म्हणजे काय ते समजावायचे. आठ दिवस ते रोज दुपारी तीनला आले. वडिलांना धाप लागायची, तरी तीन वाजले की ते दाराकडे बघायचे. मी पाळकसाहेबांना एकदा बाहेर व्हरांड्यात विचारलं, तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना नाही करत?

"करतो ना. घरी जाऊन. तिथं परवानगी लागत नाही."

वडील गेले तेव्हा ते आले. आमच्या माणसांनी वंदना म्हटली, तेव्हा ते सगळ्यात मागे, चपला काढून, हात जोडून उभे होते. त्यांना शब्द येत नव्हते म्हणून ओठ हलवले नाहीत. त्या आठवड्याचं 'रोजचं' अर्धं कोरं होतं. मी विचारलं नाही.

त्यांच्या लिहिण्यानं माणसं दुखावतही. चर्चच्या पंचकमिटीचे चिटणीस बनसोडे म्हणून फॅक्टरीत फोरमन होते. एकदा पाळकसाहेबांनी आजारपणाच्या खोट्या अर्जावर लिहिलं. सोमवारी बनसोडे कागद घेऊन माझ्या दुकानात आले, तेव्हा पाळकसाहेब तिथंच होते.

"साहेब, हे तुम्ही माझ्यावर लिहिलंत. गेल्या महिन्यात मी चार दिवस सिकलीव्ह काढून भाचीच्या लग्नाला गेलो, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक नव्हतं. आता झालं."

"मग कुणावर लिहिलंत?"

"माझ्यावर. फेब्रुवारीत पाळकांची सभा होती. मी ताप आलाय असं कळवलं आणि घरी पडून राहिलो. जावंसं वाटत नव्हतं, एवढंच."

बनसोड्यांनी कागदाची घडी घातली. "असं लिहायचं मग स्पष्ट," म्हणाले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तसं स्पष्ट लिहिलं, आणि ज्यांना अर्ज केला होता त्यांनाही पत्र पाठवलं. त्याचं उत्तर मात्र आलं नाही.

याच बनसोड्यांकडून मला आणखी एक गोष्ट कळली.

पाळकसाहेब दरवर्षी जूनमध्ये, पत्नी गेली त्या दिवसांच्या आसपास, एकच लेख आणायचे. त्यांच्या शास्त्रातली, बायबलमधली गोष्ट आहे. धाकटा मुलगा घर सोडून जातो, सगळं उधळतो, आणि परत येतो तेव्हा बाप त्याला लांबूनच ओळखतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. पाळकसाहेबांनी लिहिलं होतं की या गोष्टीत लोक मुलाचा पश्चात्ताप बघतात. पण म्हातारा माणूस धावतो कसा, ते कुणी बघत नाही. धोतर सावरत, गावासमोर, हसं होईल याची पर्वा न करता. प्रतिष्ठा असलेल्या माणसाला धावणं फार कठीण असतं. फार सुंदर लिहिलं होतं. पहिल्या वर्षी शनिवारी आले आणि त्यांनी पूर्ण लेखावर रेघ मारली. त्या रविवारी चर्चमध्ये नुसतं वरचं नाव छापलेला कोरा कागद वाटला गेला. दुसऱ्या वर्षीही तेच.

"एवढं काय आहे त्यात?" मी बनसोड्यांना विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पाळकसाहेबांना एकच मुलगा, अनिल. संगणकातला इंजिनिअर. त्यानं कंपनीतल्याच एका हिंदू मुलीशी नोंदणी लग्न केलं आणि कर्वेनगरला घर केलं. लग्नाआधीच पंचकमिटीत प्रश्न आला. पाळकाचंच पोर चर्चच्या मंडळीबाहेर लग्न करतं आणि पाळक तिथं जेवायला जातो, तर उद्या दुसऱ्याला काय सांगायचं? "आम्ही जाऊ नका म्हणालो नव्हतो," बनसोडे म्हणाले. "नुसतं विचारलं होतं." पाळकसाहेब लग्नाला गेले नाहीत. पाळकीणबाई साडी नेसून तयार बसल्या होत्या. त्यांनाही त्यांनी जाऊ दिलं नाही. आठ महिन्यांनी त्या वारल्या. अनिल मातीला आला, मूठभर माती टाकली, आणि बापाशी एक शब्द न बोलता निघून गेला.

खडकीपासून कर्वेनगर काही परदेशात नाही. पण तेव्हा चार वर्षं होत आली होती आणि बापलेक एकाच शहरात एकमेकांशिवाय राहत होते.

तिसऱ्या जूनमध्ये तोच लेख आला तेव्हा माझा धीर सुटला. मी कागद न घेताच म्हणालो, "पाळकसाहेब, हे मला आता पाठ झालंय. कर्वेनगरला बस जाते."

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. ते रागावले नाहीत.

"जाते. दोनदा बसलो. एकदा डेक्कनलाच उतरलो. दुसऱ्यांदा कर्वेनगरपर्यंत गेलो, त्यांच्या इमारतीखाली उभा राहिलो आणि समोरच्या बसनं परत आलो."

"का?"

"आत जाऊन काय म्हणायचं, ते ठरवत होतो. ठरेना. लोकांना मी दर रविवारी सांगतो काय म्हणायचं ते."

"शनिवारी माझी स्कूटर आहे," मी म्हणालो. "स्कूटरवरून मधेच उतरता येत नाही."

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. युनिव्हर्सिटीच्या रस्त्यानं, डेक्कनवरून, कर्वे रोडनं. वाटेत माझा खांदा त्यांनी असा काही धरला होता की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता. तिसऱ्या मजल्यावर दारापाशी पोचलो आणि ते थांबले. दारावर पितळी पाटी होती. 'अनिल देवदान सोनवणे. मेधा सोनवणे.'

त्यांनी मधल्या नावावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हे परत फिरणार. म्हणून बेल मीच वाजवली.

दार उघडलं ते सुनेनं. तिनं त्यांना आधी फक्त फोटोत पाहिलं होतं. क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "या, बाबा." मग माझ्याकडे बघून, "तुम्हीही या ना." मी खाली थांबतो म्हणालो, पण पाळकसाहेबांनी खांदा सोडला नव्हता.

घरात खोकी भरून ठेवलेली होती. त्या वर्षी कंपन्यांमध्ये धांदल चाललेली. दोन हजार साल आलं की संगणकातल्या तारखा बिघडतील म्हणून माणसं दिवसरात्र कामाला जुंपलेली. त्याच कामासाठी अनिलला अमेरिकेला पाठवत होते, दोघंही चालले होते, पंधरा दिवसांनी. शनिवार असून तो कामावर होता.

"सहापर्यंत येईल," मेधा म्हणाली. "बसाल ना?"

"बसतो."

तिनं चहा केला. पाळकसाहेब खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. मग तीच म्हणाली, "आई त्याच खुर्चीत बसायच्या."

पाळकसाहेबांनी मान वर केली. "कुणाच्या आई?"

"तुमच्या... अनिलच्या आई. दोनदा आल्या होत्या. दुपारच्या, बसनं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. पण आता त्या नाहीत, म्हणून..." ती घाबरली असावी. "चुकलं का माझं?"

"नाही," ते म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "काय नेसली होती?"

"पांढरी साडी. बारीक जांभळे काठ. दुसऱ्यांदा करंज्या आणल्या होत्या डब्यातून. डबा राहिलाय माझ्याकडे."

ती डबा आणायला उठली, तेव्हा पाळकसाहेब माझ्याकडे न बघता, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "मला वाटत होतं, तिला मी अडवलं. ती आली होती. तिला ते मला सांगता येत नव्हतं, एवढंच." त्यांच्या आवाजात सुटका होती आणि तिच्याखाली फार मोठी पोकळी होती. तीस वर्षं शेजारी जेवलेली बाई आपल्याला भिऊन दुपारची चोरून मुलाकडे जात होती, हे त्यांना त्या खुर्चीत बसून कळलं.

अनिल सहाला आला. बापासारखाच उंच. दारात बूट काढता काढता त्याला पाळकसाहेब दिसले. तो तसाच एक बूट हातात धरून उभा राहिला.

"कधी आलात?"

"मघाशी."

"कळवायचं तरी."

"अनिल, मी चुकलो," पाळकसाहेब म्हणाले. उभे राहिले होते. "तुझ्या लग्नाला यायला हवं होतं. तिला आणायला हवं होतं. ती एकटी आली, हे मला आत्ता कळलं."

अनिलनं बूट खाली ठेवला. त्याच्या तोंडावर राग होता की रडू, मला सांगता येणार नाही. तो इतकंच म्हणाला, "जेवून जा." आणि हातपाय धुवायला आत गेला. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

आम्ही जेवलो. बोलणं झालं ते विमानाचं, थंडीचं, खोक्यांचं. निघताना अनिल खाली स्कूटरपर्यंत आला. त्यानं वाकून बापाच्या पँटची क्लिप काढली. सायकल नसतानाही ती तशीच राहिली होती. "ही कशाला लावलीय?" म्हणाला, आणि त्यांच्या हातात दिली. तो त्यांना शिवला, तो एवढाच.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेबांनी लेखावर पुन्हा रेघ मारली. मी चक्रावलो.

"आता का? गेलात की."

"गोष्टीतला बाप धावत गेला होता. मी चार वर्षांनी तुमच्या स्कूटरवर बसून गेलो. तेही तुम्ही बोललात म्हणून."

कोऱ्या जागेत त्यांनी तीनच ओळी लिहिल्या. 'मी माझ्या मुलाकडे गेलो. फार उशिरा गेलो. ज्यांना कुठं जायचं असेल त्यांनी ही आठवड्याची सुट्टी वाया घालवू नये.'

निघण्याआधीच्या रविवारी अनिल आणि मेधा चर्चला आले. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो, मागच्या बाकावर. मेधा टिकली लावून आली होती. माना वळल्या. पाळकसाहेबांनी पुलपिटाच्या चौथऱ्यावरून नेहमीच्या सूचना वाचल्या, आजाऱ्यांची नावं घेतली, आणि त्याच सुरात म्हणाले, "आज माझा मुलगा आणि माझी सून भक्तीला आले आहेत. त्यांच्या लग्नाला मी गेलो नाही. ते तुमच्या भीतीनं, असं मी इतके दिवस समजत होतो. ती भीती माझीच होती."

बनसोडे खाली मान घालून बसले होते. भक्ती संपल्यावर काही घरं मेधाशी बोलली, काही बाजूनं निघून गेली. पुढच्या बैठकीत पंचकमिटीनं त्यांच्याकडे खुलासा मागितला, असं ऐकलं. ते म्हणाले म्हणे, "चार वर्षं गेलो नाही, त्याचा मागा. गेलो, त्याचा कसला?" त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मुदतवाढ मिळण्यासारखी होती, ती मिळाली नाही. यात कुणी वाईट वागलं असं ते कधी म्हणाले नाहीत. पाळकनिवास सोडताना सामान एका टेम्पोत मावलं. बनसोडेच उचलायला आले होते.

त्यांनी बोपोडीला एक खोली घेतली. नवे पाळक तरुण होते, सूचना पडद्यावर दाखवायचे. 'रोजचं' बंद झालं. तशी मंडळीही पांगत चालली होती. मुलं हिंजवडीला, बंगळूरला, बाहेरदेशी. म्हातारी माणसं पुढच्या तीन बाकांवर मावायची. माझ्या धंद्याचंही तेच झालं. घरोघर संगणक आले, बायोडेटा लोक स्वतःच करायला लागले. मी दुकान आवरलं आणि हिंजवडीच्या एका कंपनीत कागदपत्रं मांडण्याच्या कामाला लागलो.

पाळकसाहेबांची खोली माझ्या वाटेवर होती, म्हणून पहिल्या वर्षी जायचो. अनिल दर रविवारी फोन करायचा. मोबाइल त्यानंच पाठवला होता. ते तो कानाला न लावता तोंडासमोर आरशासारखा धरून बोलायचे. नात झाली होती. ती "हॅलो आजोबा" म्हणायची आणि मग दोन्हीकडे शांतता. तिला मराठी येत नव्हतं, यांना तिचं इंग्रजी कळत नव्हतं. "श्वास ऐकू येतो," ते म्हणाले. "श्वासाला भाषा नसते." मी विचारलं, आता लिहिता का? म्हणाले, "लिहितो. शनिवारी खोडतोही. मधल्या दोन दिवसांत भेटायलाच कुणी नसतं, तर जमलं की नाही ते कळणार कसं?"

दुसऱ्या वर्षी माझं जाणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी जवळजवळ थांबलं. कारण काही नव्हतं. माझ्या शिफ्ट बदलत होत्या, मुलगी शाळेत जायला लागली होती. ते गेले तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी चेन्नईत होतो. अनिल मातीला पोचू शकला, असं बनसोड्यांनी नंतर सांगितलं.

त्याच्या दोन-अडीच महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. सकाळी साडेआठची वेळ. कंपनीची बस बोपोडीच्या सिग्नलला थांबली होती. मी खिडकीशी होतो. पलीकडे पीएमटीच्या थांब्यावर पाळकसाहेब उभे होते, हातात कापडी पिशवी. बस आली, आधीच भरलेली. दारापाशी ते पहिले होते. त्यांनी एका बाईला पुढे जाऊ दिलं, तिच्या कडेवर पोर होतं. मग कॉलेजच्या दोन मुली. मग एक माणूस त्यांना न विचारताच चढला. कंडक्टरनं घंटी मारली. पाळकसाहेबांचा एक हात दांड्याकडे गेलेला होता, तो त्यांनी मागे घेतला. बस गेली. थांब्यावर ते एकटेच उरले. त्यांनी विस्कटलेले केस नीट केले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आमच्या बसमध्ये अर्ध्याहून अधिक जागा रिकाम्या होत्या. मी खिडकी उघडून हाक मारायला गेलो. ती वातानुकूलित बस होती, तिच्या काचा उघडत नव्हत्या. मी काचेवर बोटं वाजवली. त्यांनी इकडे पाहिलं, पण काच काळी होती. ड्रायव्हरला थांबवायला सांगता आलं असतं. आठ महिने मी त्याच्या बसनं जात होतो. हाक मारायला त्याचं नाव आठवेना. मी ते आठवत होतो, तोवर सिग्नल सुटला.